बॅगपाइपच्या जोडीला कोणत्या पट्टीची कॉन्सर्टिना? एका निवडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर एका लहान गावात हौशी वादकांचा एक गट आहे. फिडल, गिटार, कॉन्सर्टिना आणि अधूनमधून ढोल. गावच्या हॉलमध्ये केलीची संध्याकाळ असली, म्हणजे लोक गोल करून नाचायला जमले, की साथ यांची. कॉन्सर्टिना वाजवतात त्या बाई निवृत्त शिक्षिका आहेत. त्याच गावात पाइप बँडमधला एक अनुभवी पाइपर राहतो. कार्यक्रमाचे शेवटचे दोन-तीन संच, म्हणजे सलग वाजवायच्या चालींचे गट, दोघांनी मिळून वाजवावेत अशी कल्पना निघाली, दोघांनाही ती मनापासून आवडली, आणि पहिल्याच तालमीत दोघं एकमेकांकडे बघत थांबले. काहीच जुळत नव्हतं.

मी हार्मोनियमच्या रीड लावण्याचं काम करतो आणि कॉन्सर्टिनाही त्याच जातीचं, मोकळ्या रीडचं वाद्य आहे. म्हणून बाईंनी मला बोलावलं. गावाचं आणि माणसांचं नाव इथे देत नाही; बाकी घडलं ते असं.

कॉन्सर्टिना म्हणजे दोन्ही हातांत धरायचा षटकोनी भाता, दोन्ही टोकांना बटणं. चार्ल्स व्हीटस्टोन यांनी लंडनमध्ये इंग्लिश पद्धतीची कॉन्सर्टिना घडवली. जर्मनीत केम्नित्सच्या कार्ल उहलिग यांनी १८३४ च्या सुमारास वेगळ्या धर्तीची केली. अँग्लो ही या दुसऱ्या घराण्यातली. तिच्यात एकच बटण भाता दाबताना एक स्वर देतं आणि ओढताना दुसरा. नेहमीच्या ३० बटणांच्या अँग्लोत तीन ओळी असतात. दोन ओळी एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावरच्या दोन पट्ट्यांच्या, तिसरी उरलेल्या स्वरांची. बाईंची अँग्लो सी/जी होती, म्हणजे आपल्या भाषेत पांढरी एक आणि पांढरी पाच. सगळ्यात जास्त दिसणारी तीच.

ग्रेट हायलँड बॅगपाइपला नऊच स्वर. मंद्र कोमल निषाद, मग षड्जापासून तार षड्जापर्यंत. निषाद दोन्हीकडे कोमल, बाकी सगळे शुद्ध, म्हणजे सरळ खमाज थाट. हे स्वर चँटरचे, म्हणजे चाल वाजवायच्या भोकांच्या नळीचे. खाली तीन ड्रोन, एकेकच स्वर धरणाऱ्या नळ्या, अखंड चालू: दोन टेनर ड्रोन चँटरच्या षड्जाखाली एक सप्तक, बास ड्रोन दोन सप्तकं. तानपुऱ्याखाली कान तयार झालेल्या माणसाला हे वाद्य पहिल्याच मिनिटात कळतं. तिथे तडजोडीला जागा नाही. ड्रोनशी जो स्वर जुळत नाही, तो खोलीतल्या प्रत्येकाला ऐकू येतो.

अडचण नेमकी काय होती

पाइपर त्याच्या षड्जाला ए म्हणतो, लिहितोही ए. प्रत्यक्षात तो स्वर बी-फ्लॅटच्या, आपल्या काळी पाचच्या आसपास वाजतो. बाईंना हे ठाऊक होतं. त्यामुळे त्यांचं म्हणणं साधं होतं: बी-फ्लॅटची कॉन्सर्टिना घ्यायची, म्हणजे बी-फ्लॅट/एफ, आणि प्रश्न संपवायचा. अशा अँग्लो जुन्या बाजारात मिळतात. एक वाद्य त्यांनी पाहूनही ठेवलं होतं आणि विसार देण्याच्या बेतात होत्या.

या सरळ उत्तरात दोन गोष्टी सुटत होत्या.

पहिली स्वरांच्या संचाची. पाइपचा षड्ज काळी पाच असला तरी निषाद कोमल आहे. बी-फ्लॅटच्या ओळीत मात्र शुद्ध निषाद असतो. हवा असलेला कोमल निषाद, ए-फ्लॅट, बी-फ्लॅट/एफ अँग्लोत तिसऱ्या ओळीत जातो, आणि नेहमीच्या मांडणीत तो फक्त भाता ओढतानाच मिळतो. पाइपच्या चालींचा तर तो प्राण आहे. कितीतरी चाली षड्जाची स्वरसंगती (कॉर्ड) आणि कोमल निषादाची स्वरसंगती यांच्यातच झुलत राहतात.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर होती. बी-फ्लॅट म्हणजे कोणता बी-फ्लॅट? आजचा प्रमाण स्वर ए ४४० हर्ट्झ धरला तर तो ४६६ हर्ट्झ. पाइप मात्र गेल्या शतकभरात चढत गेले आहेत, आणि बँडमधल्या चँटरचा षड्ज आज सहज ४८० च्या आसपास असतो. आमच्या पाइपरने वीसेक मिनिटं वाजवून वाद्य नीट तापवलं, मग मी मोजलं. ४७८ हर्ट्झ. ४६६ च्या मानाने सुमारे ४४ सेंट वर. अर्धस्वराचे १०० सेंट धरले तर जवळजवळ निम्मं अंतर. दोन्ही स्वर एकत्र वाजले की सेकंदाला बारा थरथरी ऐकू येतात. पहिल्या तालमीत सगळ्यांना बोचलं ते हेच. बाईंनी बोटं कुठेही ठेवली असती तरी ते गेलं नसतं.

त्यात कॉन्सर्टिनाचा स्वर पक्का असतो. फिडलवाला कान लावून बोट सरकवतो, गायक श्वासाने सावरतो. पोलादी रीड घासल्याशिवाय हलत नाही.

समोर असलेले पर्याय

सी/जीवरच बी-फ्लॅट वाजवणं हा पहिला. तीस बटणांत सगळे बारा स्वर आहेत, पण त्यातले काही एकाच दिशेला. नाचाच्या लयीत हे ओढाताणीचं काम, आणि ४४ सेंट तसेच राहतात. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

इंग्लिश कॉन्सर्टिना घेतली तर बारा स्वर दोन्ही दिशांना सारखेच मिळतात आणि कोणतीही पट्टी चालते. पट्टीचा प्रश्न मुळातून सोडवणारं उत्तर हेच, आणि कोणी कोऱ्या पाटीने सुरुवात करत असेल तर मी त्याच्याच बाजूने बोलेन. पण बाईंचा हात अनेक वर्षांचा अँग्लोचा. दाबणं-ओढणं यातून येणारा जो ठेका नाचणाऱ्यांना उचलतो, तो त्यांना सोडायचा नव्हता. मला ते पटलं.

पाइपरने खाली यावं हाही पर्याय होता. ४६६ ला लावलेले चँटर मिळतात. वाद्यवृंदाबरोबर वाजवणारे पाइपर ते वापरतात. ड्रोन त्यांच्या सरकत्या जोडांवरून खाली आणता येतात. खर्चही कॉन्सर्टिनाच्या मानाने कमी. पण हा माणूस आठवड्यातून दोनदा बँडमध्ये वाजवतो. दर वेळी चँटर आणि रीड बदलून सगळं वाद्य पुन्हा बसवायचं, हे त्याला नको होतं. आहे त्याच चँटरची रीड थोडी वर काढून स्वर उतरवता येतो, पण थोडाच. वरच्या हाताचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त उतरतात आणि सप्तकच बिघडतं. त्याने नकार दिला तो हट्टाने नव्हे. वाद्य जाणणाऱ्याचा नकार होता तो.

चौथा पर्याय मला सगळ्यात सुज्ञ वाटत होता. पाइपरने हायलँड पाइप बाजूला ठेवून स्कॉटिश स्मॉलपाइप घ्यावेत. कोपराखालच्या भात्याने फुंकायचे, आवाज मृदू, आणि ए पट्टीत ४४० ला सहज मिळणारे. त्यांच्याबरोबर जी/डी अँग्लो चपखल बसते. फिडल, गिटार सगळेच मग सोबत वाजवू शकतात. पण गावाला शेवटच्या संचात हायलँड पाइपच हवे होते. लोक त्या आवाजाची वाट बघत थांबतात. ही अपेक्षा मोडायची का, हा संगीताबाहेरचा प्रश्न होता. दोघांनी ठरवलं, मोडायची नाही.

पहिला निर्णय: षड्ज बघायचा की ओळ

बी-फ्लॅट/एफ विकत घेण्याआधी एक उसनी आणून वाजवून बघा, एवढा आग्रह मी धरला. बाईंच्या ओळखीत एक निघाली. संध्याकाळभर वाजवल्यावर त्यांनीच सांगितलं की जमतं, पण बोटांना सारखा विचार करावा लागतो. पाइपचा षड्ज त्या वाद्यावर सी/जीच्या सी सारख्या बोटांनी येतो, आणि कोमल निषादासाठी तिसऱ्या ओळीत जावं लागतं. म्हणजे एफ पट्टीची बोटं. त्यांचा आयुष्यभराचा सराव होता डी, जी आणि ई मायनरचा. फिडलवाल्यांबरोबर बसणाऱ्याचा तोच असतो. शिवाय पाइपचा सगळ्यात खालचा स्वर इथे डाव्या हातात पडतो आणि चाल दोन हातांत तुटते.

इथे आपल्याकडचा मूर्च्छनेचा विचार कामाला आला. बिलावलच्या पंचमाला षड्ज मानलं की खमाज मिळतो. मग पाइपचा काळी पाचचा खमाज कोणत्या बिलावलमधून निघतो? ज्याचा पंचम काळी पाच आहे त्यातून, म्हणजे काळी दोनच्या, ई-फ्लॅटच्या. पाइपचे सगळे स्वर ई-फ्लॅटच्या एका ओळीत जसेच्या तसे सापडतात. तेव्हा शोधायची ती ई-फ्लॅटची ओळ असलेली अँग्लो, आणि ती असते ए-फ्लॅट/ई-फ्लॅट.

या वाद्यावर पाइपचा षड्ज सी/जीवरच्या डीच्या बोटांनी येतो. पाइपवरची ए ची चाल म्हणजे बाईंची डी, फक्त सी शार्पऐवजी साधा सी. पाइपवरची डी म्हणजे त्यांची जी. पाइपवरची बी मायनर म्हणजे ई मायनर. सगळं घरचं. नऊच्या नऊ स्वर उजव्या हातात बसतात आणि डावा हात साथीला मोकळा राहतो. षड्जाची संगती भाता ओढताना मिळते, कोमल निषादाची दाबताना. म्हणजे पाइपच्या चाली ज्या दोन संगतींत झुलतात, त्याच भात्याच्या आत-बाहेर होण्यावर बसतात. एकच अडचण उरते: गंधार फक्त ओढतानाच मिळतो. पण षड्जाची संगती तशीही ओढतानाच असल्यामुळे तो क्वचितच अडतो.

हेच गणित अर्धस्वर खाली सरकवलं की ए च्या स्मॉलपाइपसाठी जी/डी येते. पाइप कोणत्याही पट्टीचे असोत, कॉन्सर्टिना निवडताना ड्रोनचा षड्ज ही खूण धरली तर माणूस एक ओळ शेजारी जाऊन पडतो. खूण धरायची पाइपच्या मध्यमाची: तो मध्यम ज्या अँग्लोच्या उंच पट्टीच्या (नावात दुसऱ्या) ओळीचा षड्ज असेल, ती आपली.

दुसरा निर्णय: जुनं वाद्य ४४० ला आणायचं का

ए-फ्लॅट/ई-फ्लॅट नवी करून घेता येते, पण वाट बघावी लागते. जुन्या वाद्यांत ही पट्टी भेटते; लंडनच्या जेफ्रीज घराण्याच्या अँग्लोंत तर बी-फ्लॅट/एफ आणि ए-फ्लॅट/ई-फ्लॅट दोन्ही दिसतात. काही महिन्यांनी एका विक्रेत्याकडे अशी एक ३० बटणांची जुनी अँग्लो आली. त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की वाद्य जुन्या चढ्या स्वराचं आहे, ४४० ला आणून मग देतो, दुरुस्तीच्या किमतीतच.

मी बाईंना त्याच दिवशी कळवलं, त्याला हात लावू देऊ नका.

त्यामागचं कारण असं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जो उंच फिलहार्मोनिक स्वर चालत होता, त्यात ए सुमारे ४५२.५ होता. वाद्यवृंदांनी १८९६ पासून तो सोडला, पण ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत तिथेच होते, आणि जुन्या कॉन्सर्टिना मोठ्या संख्येने त्याच स्वराला बांधलेल्या आहेत. ए ४५२.५ धरला की बी-फ्लॅट येतो ४७९ च्या थोडा वर. आणि आमचा पाइपर होता ४७८ वर! फिडलवाल्यांसाठी दोष मानलं जाणारं, सगळे लोक घासून घालवतात ते चढेपण इथे नेमकं हवं होतं. प्रत्यक्ष मोजल्यावर वाद्याचा ए साधारण ४५२ निघाला. पाइपच्या षड्जाशी फरक तीन सेंट. एवढा तर पाइपर कार्यक्रमाच्या पहिल्या दहा मिनिटांतच पार करतो.

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण मी हाच मानतो. एकदा त्या रीड ४४० ला उतरवल्या असत्या तर परत चढवता आल्या असत्या, पण दर वेळी पोलाद कमी होतं. स्वर उतरवायचा तर रीड मुळाशी घासतात, चढवायचा तर टोकाशी. दोन्हीकडून घासलेली रीड पातळ होते, उशिरा बोलते आणि आवाजातली धार जाते. शंभर वर्षांपूर्वीचं पोलाद परत आणता येत नाही.

काय केलं

उरला प्रश्न सूक्ष्म स्वरांचा. कॉन्सर्टिना समान अंतरांच्या सप्तकात होती. पाइपचा चँटर मात्र ड्रोनला जुळवून लावलेला: गंधार समान अंतरांच्या मानाने १४ सेंट खाली, धैवत १६ सेंट खाली, मध्यम आणि पंचम जवळजवळ जागच्या जागी. हार्मोनियमवर आपल्याकडे जे आक्षेप घेतले गेले, ज्यातून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये हे वाद्य बंद केलं, त्यांत गंधाराची ही तक्रार होतीच. ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची हार्मोनियम केली तीही याच प्रश्नाला भिडण्यासाठी. आमच्याकडे एक सवलत होती. हे वाद्य कायम एकाच षड्जावर, एकाच ड्रोनवर वाजणार होतं. मग एकाच षड्जाचे शुद्ध स्वर का नाही द्यायचे?

बाई आधी बिचकल्या. स्वर एकदा असे लावले की वाद्य दुसऱ्या कोणाबरोबर वाजणार नाही. पण ४५२ चं वाद्य तसंही कोणाबरोबर वाजणार नव्हतं. त्यांची सी/जी घरी होतीच.

गंधाराच्या आणि धैवताच्या सगळ्या रीड, प्रत्येक सप्तकातल्या, मुळाशी अगदी हलक्या हाताने घासून उतरवल्या. अर्धं अंतर उतरवून थांबलो, तालीम घेतली, मग पुढे गेलो. षड्ज-गंधार-पंचम संगती ड्रोनवर स्थिरावली तेव्हा पाइपरने वाजवता वाजवता मान वर केली. मध्यमाची संगतीही शुद्ध झाली, कारण मध्यम आणि उतरलेला धैवत यांतलं अंतर तेच राहतं.

कोमल निषाद अडला. पाइपरचा मंद्र निषाद मध्यमाशी शुद्ध जुळणारा होता. तार सप्तकाकडचा त्याने भोकावर टेप लावून आणखी थोडा खाली ठेवला होता, जसा त्याच्या बँडला आवडतो. कॉन्सर्टिनाचा निषाद मी मंद्रातल्याला जुळवला. पण निषादाच्या संगतीत रिषभ तीव्र वाटतो, रुक्ष होतो. रिषभ उतरवला असता तर तो पंचमाशी आणि ड्रोनशी बिघडला असता. म्हणून उपाय बोटांचा केला: निषादाच्या संगतीत डाव्या हाताने रिषभ घ्यायचाच नाही, निषाद आणि मध्यम एवढेच दाबायचे. ती मोकळी संगती पाइपच्या अंगाची वाटते, आणि माझ्या कानाला तीच जास्त आवडली.

आवाजाचं मात्र रीड घासून काही होत नाही. हायलँड पाइप जवळून १०० डेसिबलच्या वर जातात आणि त्यांना हळू वाजवता येत नाही. पाइपर हॉलच्या दुसऱ्या टोकाला, कॉन्सर्टिनाला माइक, आणि चालीची पहिली फेरी कॉन्सर्टिनाने एकटीने वाजवायची, पाइप दुसऱ्या फेरीला यायचे, अशी रचना ठरली. पाइप सुरू झाल्यावर बाई चाल सोडून देतात आणि ठेक्याच्या संगती धरतात.

निष्पत्ती

हॉलमध्ये हे चांगलं जमलं. शेवटच्या संचात थरथर नव्हती आणि पाइप आत आले तेव्हा स्वर चढला-उतरला असं कोणाला वाटलं नाही. त्या संचांत फिडल आणि गिटार गप्प बसतात. एका फिडलवाल्याने तारा चढवून बघितल्या, पण मध्येच पुन्हा उतरवणं त्याला परवडेना.

उघड्यावर मात्र उपयोग झाला नाही. उन्हाळ्यात मैदानावर एकदा वाजवलं, कॉन्सर्टिना माइक असूनही हरवली.

थंडीत वेगळीच गोष्ट समोर आली. तापवलेला नसलेला हॉल, पाइप नुकतेच हातात घेतलेले. षड्ज ४७२ वर. ४७८ पासून वीसेक सेंट खाली. थंड हवेत ध्वनी सावकाश जातो म्हणून पाइप उतरतात, पोलादी रीड मात्र थंडीत किंचित चढतात, म्हणजे फरक दोन्हीकडून वाढतो. तेव्हापासून पाइपर मधल्या संचांच्या वेळी मागच्या खोलीत वाजवत राहतो आणि तापलेलं वाद्य घेऊनच आत येतो.

वेगळं काय करता आलं असतं

पाइपचा स्वर पहिल्या तालमीच्या आधीच मोजायला हवा होता, आणि तोही एकदा नाही. थंड हॉल, गरम हॉल, वाद्य तापण्याआधी आणि नंतर. त्यासाठी ट्यूनरचं फुकट अ‍ॅप पुरतं. त्याचा ए ४५१ ला ठेवला की ४७८ चा षड्ज बी-फ्लॅटवर सरळ शून्य दाखवतो. हे आकडे हातात असते तर बी-फ्लॅट/एफ बघण्यात गेलेले आठवडे वाचले असते.

पाइपरने चँटर किंवा रीड बदलली तर काय, हेही आधी बोलून घ्यायला हवं होतं. बँडने पुढच्या हंगामात नवे चँटर घेतले आणि त्यांचा स्वर आणखी चढा निघाला, तर ही सगळी जुळवाजुळव काही सेंटनी मागे पडेल. पाइपरने आत्ताचा चँटर आणि त्यात बसलेली रीड या कामासाठी वेगळी काढून ठेवायचं कबूल केलं आहे, पण हे वाद्य विकत घेण्याआधी ठरलं असतं तर बरं.

आणि स्मॉलपाइपचा पर्याय निदान एक संध्याकाळ वाजवून बघायचा होता. लोकांची अपेक्षा मोडायची नाही हे ठीक, पण शेवटचा संच हायलँड पाइपचा ठेवून आधीच्या संचांत ए चे स्मॉलपाइप आणि जी/डी अँग्लो घेतली, तर सगळा गट एकत्र वाजवू शकतो. पाइपर आता स्मॉलपाइप भाड्याने घेऊन बघतो आहे. जी/डीवर बाईंना काही नवं शिकावं लागणार नाही. बोटं तीच, डी, जी आणि ई मायनरची.